पोटॅश आणि मीठ दोन्ही पाण्यात विरघळतात, मग खाणीतल्या मिश्रणातून वेगळे कसे काढतात?

आपण कोल्हापुरात उसाला घालतो ते पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. खाणीत ते मिठात मिसळलेलंच सापडतं. दोन्ही विरघळतात खरं, पण किल्ली तापमानात आहे. १०० ग्रॅम पाण्यात २० अंशांना पोटॅश साधारण ३४ ग्रॅम विरघळतं, १०० अंशांना ५६. मीठ मात्र ३६ वरून जेमतेम ३९!

म्हणून खनिज साध्या पाण्यात नाही, तर मिठाने आधीच संपृक्त असलेल्या, म्हणजे आणखी मीठ विरघळूच शकत नाही अशा कढत द्रावणात घालतात. पोटॅश विरघळतं, मीठ तळाशी राहतं. गाळून थंड केलं की पोटॅशचे स्फटिक खाली बसतात. उरलेलं द्रावण पुन्हा तापवून वापरतात. मला यातला हाच भाग सगळ्यात सुंदर वाटतो.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत करणार असाल, तर पोटॅशियम नायट्रेट आणि मीठ घ्या. फरक जास्त, स्फटिकही ठसठशीत येतात.