गोळी मनीची, दुरुस्ती सिंथची

प्रश्न : आमची मनी अकरा वर्षांची. बायोप्सीत आतड्याचा स्मॉल सेल लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) निघाला. दोन महिने क्लोरॅम्ब्युसिलची 2 मिग्रॅची गोळी एक दिवसाआड आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज चालू आहे. उलट्या थांबल्या, वजन वाढलं. पण आता ती सिंथेसायझरवर चढून लघवी करते. परवा मधल्या दोन सप्तकांच्या पट्ट्या बंद पडल्या. गणपतीच्या सुपाऱ्या घेतल्यात. घरात सून गरोदर आहे. आधी काय करू?
– एक वाचक, शुक्रवार पेठ

उत्तर : आधी सुनेला त्या खोलीपासून दूर ठेवा. मग मनीकडे बघा. वाद्य तिसऱ्या नंबरावर.

क्लोरॅम्ब्युसिल हे कॅन्सरचं औषध, गर्भाला घातक, आणि त्याचा अंश लघवी-शीतून बाहेर पडतो. डोसनंतर 72 तास हातमोजे घालायचे, असं धरून चाला. गोळी एक दिवसाआड असल्यामुळे तुमच्यासाठी हातमोजे रोजचेच झाले. नायट्राइलचे घ्या. पुसलेलं फडकं आणि मनीच्या लघवी-शीच्या ट्रेमधली घाण दोन पिशव्यांत बांधून टाका, कुंडीत किंवा खतात नको. गोळी तोडायची नाही, कुटायचीही नाही. ती फ्रिजमध्ये ठेवतात, पण दाराच्या कप्प्यात उघडी नको. दिल्यावर सिरिंजने थोडं पाणी पाजा, कारण कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून राहू शकते.

आता लघवीबद्दल. मनी खोडसाळपणा करत नाही. प्रेडनिसोलोनने तहान वाढते, लघवीही वाढते, आणि एकुलता ट्रे लवकर घाण होतो. तो घाण असला की मांजर दुसरी जागा शोधतं. तुमचा सिंथ तिला सोयीचा वाटला. दोन ट्रे ठेवा, एक तिच्या झोपण्याच्या खोलीत. तरीही लघवी आणि रक्तातली साखर तपासून घ्याच, कारण स्टेरॉइडमुळे मांजरांना मधुमेह होऊ शकतो आणि मूत्रमार्गाचा संसर्गही असू शकतो. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, वेळेवर करा. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) घसरले तर डॉक्टर क्लोरॅम्ब्युसिल थांबवतात. प्रेडनिसोलोन मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका. आणि एक दिवसभर खाल्लं नाही तर फोन करा. मांजर उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठते, ते वेगळंच दुखणं होऊन बसतं.

वाद्य : प्लग काढा आणि ‘चालतंय का बघू’ म्हणून चालू करू नका. ओल्या बोर्डावर वीज गेली की तांब्याच्या रेघा झपाट्याने गंजतात. पट्ट्या खाली येतील असं उपडं करून ठेवा. स्क्रू काढताना पुठ्ठ्यावर वाद्याचा आकार काढून त्या-त्या जागी टोचून ठेवा, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर वरचं पॅनल फुटतं. मेमरीची बॅटरी काढणार असाल, तर काही मॉडेलांत साठवलेले आवाज पुसले जातात. आधीचा बॅकअप असेल तरच काढा. अ‍ॅडॅप्टरऐवजी थेट 230 व्होल्टवर चालणारं वाद्य असेल, तर पॉवर सप्लायला हात लावू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या.

पट्ट्यांखालच्या बोर्डावर आधी डिस्टिल्ड पाणी, मग 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, हाच क्रम. लघवीतले क्षार पाण्यात विरघळतात, अल्कोहोलमध्ये नाही. अल्कोहोलचं काम पाणी हाकलण्याचं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत भरायला विकत मिळणारं डिस्टिल्ड पाणी चालेल, बॅटरीतलं नव्हे. सॅनिटायझर नको. रबरी काँटॅक्ट पट्ट्या काढून कोमट पाणी आणि साबणाच्या थेंबात हलक्या हाताने धुवा. काळे ठिपके घासू नका, ते कार्बनचे आहेत. गेले की पट्टी कायमची मुकी. पंख्याखाली 2 दिवस, पण आपल्याकडचा जुलै असेल तर 4. तांदळाच्या डब्यात ठेवायची पद्धत ऐकून सोडून द्या, त्याची पूड आत जाते. हिरवट थर दिसला तर तिथेच थांबा आणि जाणकाराला दाखवा.

वास राहिला तर ती परत येईल. एन्झाइम क्लीनर वापरा. फिनेल मात्र अजिबात नको, मांजराला विषारी आहे. वाजवून झाल्यावर सिंथवर रेक्झिनचं कव्हर घाला, कापडी आच्छादन लघवी अडवत नाही.

प्रश्न : बोक्याला लस टोचली त्या जागी गाठ आली आहे. कॅन्सर असेल का?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : बहुतेक वेळा नाही, लशीनंतरची साधी गाठ विरते. पण 3-2-1 लक्षात ठेवा : लशीनंतर 3 महिन्यांनीही राहिली, 2 सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली किंवा 1 महिन्यानंतरही वाढतच असेल, तर बायोप्सी. यातलं एकही पुरे. काढूनच टाकू, असं म्हणून थेट कापायचं नाही. लशीच्या जागी कॅन्सर झालाच तर तो सार्कोमा असतो, त्याची मुळं आजूबाजूला पसरलेली असतात, पहिली शस्त्रक्रिया अपुरी पडली तर पुढची अवघड होते. पुढची लस मानेवर नको, पायाच्या खालच्या भागात द्यायला सांगा.

प्रश्न : सिंथच्या आवाजाने मांजराचा कान बिघडेल का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : मांजराला माणसापेक्षा खूप वरच्या पट्टीचं, सुमारे 85 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं. पण त्रास होतो तो जोरामुळे. दार उघडं ठेवा, नको असेल तर ते उठून जाईल. आजारी असेल तर हेडफोन लावा.