कॅलिफोर्नियातलं बोडी हे ओसाड खाणगाव साध्या कारने बघता येतं का? कधी जावं?

हो, साधी कार चालते, पण उन्हाळ्यातच जा. आमची सेडान गेली. हायवे ३९५ सोडून २७० ला लागलं की शेवटचे ३ मैल कच्चे, खडखडाटी आहेत, एवढंच. गाव सुमारे ८,४०० फुटांवर, त्यामुळे हिवाळ्यात रस्ता बर्फाखाली. वर पेट्रोल नाही, खायलाही काही नाही. ब्रिजपोर्ट किंवा ली व्हायनिंगला टाकी भरा, डबा घ्या. १९६२ पासून हे राज्य सरकारचं ऐतिहासिक उद्यान आहे. घरं नवी करत नाहीत, फक्त पडू देत नाहीत; म्हणून खिडकीला नाक लावलं की धूळ बसलेलं सामान तसंच दिसतं. गंजका खिळासुद्धा उचलायचा नाही! सोन्याचा दगड कुटायची गिरणी मात्र गाईडबरोबरच आतून बघता येते.