कपलर कापू नका : जुन्या गाडीच्या वायरिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरला की वायरिंगच्या तक्रारी वाढतात. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न पंधरा-वीस वर्षांहून जुन्या गाड्यांबद्दलचे आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच प्रश्नांत एक वाक्य सारखं आहे : 'शेवटी वायरमनने कपलर काढून डायरेक्ट करून दिलं.' कपलर म्हणजे वायरी एकमेकींना जोडणारा, काढता-घालता येणारा प्लास्टिकचा जोड; तो कापून वायरी थेट जोडणं म्हणजे 'डायरेक्ट'. या 'डायरेक्ट'ला माझा ठाम विरोध आहे. कपलर जळतो किंवा तुटतो तेव्हा त्याचं कारण बहुतेकदा दुसरीकडे असतं. कपलर कापून टाकला की कारण तसंच राहतं आणि ते शोधायची जागा मात्र नाहीशी होते.

प्रश्न : माझी 2004 ची मारुती 800 एमपीएफआय आहे. सेन्सर तपासायला कपलर काढला की त्याचं लॉक हमखास तुटतं. दोन कपलर आता नुसतेच अडकवून ठेवले आहेत. गाडी खड्ड्यातून गेली की मध्येच बंद पडते. काय करावं? – कोल्हापूर

आधी लॉक का तुटतं ते सांगतो. इंजिनाजवळचे कपलर बहुधा नायलॉन किंवा पीबीटी या प्लास्टिकचे असतात. नायलॉनला चिवटपणा येतो तो हवेतला दमटपणा त्यात मुरलेला असल्यामुळे. बॉनेटखाली तो वर्षानुवर्षं सुकत राहतो, शिवाय उष्णतेने प्लास्टिक आतूनही खराब होतं. नवं असताना सहज वाकणारी लॉकची पट्टी मग जरा उचलली तरी कडकन मोडते. त्यात मेकॅनिकची घाई असते. म्हणून हे काम सकाळी गार इंजिनावर आणि घाईत करू नका.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. लॉकखाली बसलेली माती जुन्या टूथब्रशने साफ करा, कारण पट्टीला खाली दबायला जागा नसेल तर ती मोडणारच. हेअर ड्रायरने कपलर मिनिटभर गरम करा. हाताला सोसेल एवढाच, हीट गन नको. आता महत्त्वाचं : कपलर ओढायच्या आधी तो आत दाबा. आत दाबल्यावर लॉकवरचा ताण जातो आणि मग पट्टी अगदी थोडी दाबली किंवा उचलली तरी पुरतं. ओढताना प्लास्टिकला धरा, वायरींना नाही.

लॉक तुटलंच असेल तर दोन्ही भाग एकमेकांना घट्ट धरतील अशी केबल टाय बांधा. तात्पुरता उपाय म्हणून हे चांगलं आहे. फेविक्विक मात्र लावू नका. चिकटवलेला कपलर पुढच्या वेळी कापावाच लागतो. कायमचा उपाय म्हणजे प्लास्टिकचं रिकामं हाउसिंग बदलणं. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड अशा ठिकाणी भंगारात निघालेल्या गाड्यांचे कपलर मिळतात. घेताना वीतभर वायरीसकट घ्या आणि जुना कपलर सोबत न्या. एकसारखे दिसणारे कपलर आतल्या खाचेत वेगळे निघतात.

हाउसिंग बदलायला वायर कापावी लागत नाही. प्रत्येक पिनेला एक बारीक जीभ असते, ती हाउसिंगच्या आत अडकलेली असते. अनेक कपलरांत त्यावर आणखी एक छोटं प्लास्टिकचं कुलूप असतं. ते आधी सोडवायचं. मग समोरच्या बाजूने बारीक चपटी सळई घालून जीभ दाबली की पीन वायरीसकट मागे निघते. त्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि एका वेळी एकच पीन हलवा. नव्या हाउसिंगमध्ये बसवताना आधी जीभ थोडी वर उचलून, पीन आत ढकलून 'टक्' आवाज ऐका आणि वायर हलकेच मागे ओढून पाहा.

आता गाडी बंद पडण्याबद्दल. लॉक नसलेला कपलर खड्ड्यात सूक्ष्म हलतो. पिनांवरचा कथलाचा मुलामा अशा घासण्याने झिजतो आणि काळी भुकटी तयार होते. थ्रॉटल आणि मॅनिफोल्ड प्रेशरच्या सेन्सरना ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) फक्त 5 व्होल्ट देतो, त्यामुळे तिथे क्षणभराचा अडथळाही इंजिनाला चुकीची माहिती देतो. बायकी पीन, म्हणजे जिच्यात दुसरी (मर्दानी) पीन शिरते ती, सैल झाली आहे का ते तपासायला त्याच मापाची सुटी मर्दानी पीन आत घालून बाहेर काढा. घालताना-काढताना हाताला नीट अडखळ जाणवली पाहिजे. ती सुळकन निघाली तर पीन बदला. आणखी एक विनंती : मल्टीमीटरची जाड सळई बायकी पिनेच्या तोंडात कधीही खुपसू नका. ती पीन तिथेच फाकते आणि पुढचा दोष तुम्ही स्वतः तयार करता. मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने बारीक पीन सरकवून माप घ्या.

प्रश्न : उजव्या हेडलाइटचा होल्डर वितळला. नवा बसवला, तोही काही महिन्यांत पिवळा पडून वितळला. बल्ब 100/90 वॅटचे आहेत. – नाशिक

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. कंपनीने दिलेला एच-4 बल्ब 60/55 वॅटचा असतो. 12 व्होल्टला 60 वॅट म्हणजे 5 अँपिअर. 100 वॅट म्हणजे 8 पेक्षा जास्त. वायर, स्विच आणि होल्डर हे सगळं 5 अँपिअरचा विचार करून केलेलं आहे. एवढे वॅट कायद्यातही बसत नाहीत आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळंच. आधी 60/55 चे बल्ब लावा.

पण साध्या बल्बनेही जुना होल्डर वितळतो, ते असं. पीन सैल किंवा गंजलेली असेल आणि तिथे 0.1 ओहम एवढाच विरोध तयार झाला असेल, तर 5 अँपिअरला त्या एका पिनेत अडीच वॅट उष्णता होते. एवढ्याशा पितळी पट्टीला ती पुष्कळ आहे. पीन तापली की तिची स्प्रिंग मरते, स्प्रिंग मेली की विरोध वाढतो, विरोध वाढला की पीन आणखी तापते. तुम्ही नवा होल्डर जुन्या काळ्या पडलेल्या वायरीला जोडला असेल तर हे चक्र पुन्हा सुरू झालं. वायर मागे कापत जा, तांब्याच्या तारा लख्ख दिसेपर्यंत. तिथून पुढे नवा तुकडा जोडा आणि सिरॅमिक होल्डर लावा.

मग मल्टीमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवून हेडलाइट चालू असताना एक सळई बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी होल्डरच्या पॉझिटिव्ह पिनेवर लावा. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत हरवत आहेत. अर्थच्या, म्हणजे निगेटिव्हकडे परतणाऱ्या वायरीच्या, बाजूनेही हेच करा. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त हरवत असतील तर काम बाकी आहे. हॅलोजन बल्बला व्होल्टेज 10 टक्के कमी मिळालं तर उजेड जवळजवळ 30 टक्के कमी होतो. बरेच लोक मोठा बल्ब लावतात तो याच हरवलेल्या उजेडासाठी, आणि तो उजेड साफ पिना आणि चांगला अर्थ देऊनच परत मिळतो.

अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो. तिथे लो आणि हायसाठी एकेक रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवणं हा उत्तम खर्च आहे. रिलेच्या 30 नंबरच्या पिनेला बॅटरीकडून येणारी वायर, तिच्यावर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. 87 वरून बल्बला. 85 आणि 86 पैकी एकीवर स्विचचा इशारा, दुसरीवर अर्थ. मात्र आधी टेस्ट लॅम्पने खात्री करा : जुन्या सुझुकी धाटणीच्या काही गाड्यांत स्विच पॉझिटिव्ह तोडत नाही, अर्थ तोडतो. तिथे बाजारातला तयार रिले सेट जसाच्या तसा चालत नाही.

प्रश्न : 1996 ची मर्सिडीज ई 220 वडिलांनी जपली आहे. इंजिनावरच्या वायरीचं आवरण बोट लावलं तरी गळून पडतं. टेप मारून चालेल का? – पुणे

नाही. या एका गाडीबाबत मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही.

तुमची गाडी बहुधा पुण्याजवळच जुळवलेली डब्ल्यू 124 असेल; टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) पिंपरीच्या आवारात ही गाडी 1995 पासून तयार होऊ लागली. नव्वदच्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात मर्सिडीजच्या इंजिनांवर जे हार्नेस (वायरींचे बांधलेले जुडगे) बसले, त्यांचं आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन चुरा होतं, हे जगभरच्या मालकांना माहीत आहे. त्यात दोष वडिलांच्या देखभालीचा मुळीच नाही. बाहेरची काळी नळी शाबूत दिसते आणि आत तारा उघड्या एकमेकींना टेकलेल्या असतात. टेप फक्त दिसणाऱ्या भागाला मारता येते. आत शॉर्ट झाला तर कंट्रोल युनिट जाऊ शकतं, आणि त्याची किंमत हार्नेसच्या कितीतरी पट असते.

निदान होईपर्यंत गाडी चालवू नका आणि हार्नेस हलवून पाहण्याचा मोह टाळा. नवा हार्नेस मिळत असेल तर त्यावरची तारीख पाहा. गोदामात पडून राहिलेला त्याच काळातला जुना माल घेण्यात अर्थ नाही. मिळत नसेल तर कुशल माणसाकडून जुन्या कपलरांवर नवीन वायरी ओढून घ्या. वायर 125 अंश सेल्सिअस सोसणारी, क्रॉस-लिंक आवरणाची हवी. लांबी आणि जाडी मूळच्या इतकीच ठेवायची आणि जुना हार्नेस टेबलावर पसरून त्याच्या शेजारी नवा बांधायचा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर त्याच्या आतल्या छोट्या वायरीही उघडून पाहायला सांगा. हार्नेस बदलूनही दोष राहिला तर पुष्कळदा तो तिथे सापडतो.

प्रश्न : डाग द्यावा (सोल्डर करावं) की क्रिंप करावं (टर्मिनल वायरीवर दाबून बसवावं)? आमचा वायरमन म्हणतो डागाशिवाय पक्कं काम नाही. – सातारा

घरातल्या रेडिओत तो बरोबर ठरेल. गाडीत डाग दिला की वितळलेलं कथील तारांमधून पुढे झिरपतं आणि तेवढी वायर कडक होते. कडक भाग जिथे संपतो तिथेच इंजिनाच्या थरथरीने वायर तुटते, तीही आवरणाच्या आत, न दिसता. योग्य मापाच्या टर्मिनलवर योग्य क्रिंपरने केलेला जोड गाडीत जास्त टिकतो. कारखान्यातही तसाच असतो. पक्कडीने चेपलेला लग (वायरीच्या टोकाचं धातूचं टर्मिनल) म्हणजे क्रिंप नव्हे. पुढचे पंख उघड्या तारांना आणि मागचे पंख आवरणाला धरायला हवेत, आणि जोड जोरात ओढून पाहायला हवा.

डागच द्यायचा असेल तर तो ढिला हलू देऊ नका : वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, आणि दोन्ही बाजूंना वायर बांधलेली. अनेक वायरी जोडताना सगळे जोड एकाच जागी आणू नका, दोन-दोन बोटं मागे-पुढे ठेवा. वायर घरगुती फिटिंगची वापरू नका. तिचं साधं पीव्हीसी आवरण 70 अंशांसाठी असतं. घरातली काळी टेपही बॉनेटखाली नको, तिचा गोंद पाघळतो. कापडी हार्नेस टेप मिळते, तीच घ्या.

प्रश्न : खाडीजवळ राहतो. पावसाळ्यानंतर इंडिकेटर लावला की मागचा ब्रेक लाइटही मिणमिणतो. कपलरमध्ये हिरवी पूड आहे. – रत्नागिरी

दोन दिवे एकमेकांत मिसळून जळतात तेव्हा नव्वद टक्के वेळा अर्थ गेलेला असतो, असं समजून सुरुवात करा. इंडिकेटरच्या करंटला परतीची वाट मिळत नाही, म्हणून तो ब्रेक लाइटच्या बल्बमधून वाट काढतो. दिवे लावून मल्टीमीटरची एक सळई बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी दिव्याच्या अर्थ पिनेवर ठेवा. 0.1 ते 0.2 व्होल्टपर्यंत ठीक. 1 व्होल्टच्या आसपास दिसलं तर दोष सापडला. डिकीतल्या पत्र्यावर जिथे अर्थचा स्क्रू आहे तो काढून पत्रा लख्ख घासा, नवा लग लावा, घट्ट आवळा आणि मग वरून ग्रीस लावा. ग्रीस आधी नाही.

हिरवी पूड कपलरपुरती असते असं समजू नका. खारट ओल आवरणाच्या आत तारांवरून वर चढते. वायर सोलली आणि तारा काळ्या निघाल्या तर आणखी मागे कापा. पिना पॉलिश पेपरने घासू नका, मुलामा निघून जातो आणि पुढच्या पावसात त्या आणखी लवकर गंजतात. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश पुरे. रबरी सील सुकलं असेल तर बदला. कपलरकडे येणारी वायर आधी थोडी खाली झुकवून मग वर घ्या, म्हणजे पाणी कपलरमध्ये न शिरता खाली टपकेल.

प्रश्न : उंदरांनी वायरी कुरतडल्या. नुसत्या जोडून घेतल्या तर? – वसई

जोडा, पण त्याआधी पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि बॅटरीची जाड केबल तपासा. उंदीर फक्त वायरच खातो असं नाही, आणि गळणारं पेट्रोल व उघडी तार एकत्र आली तर गाडी पेटते. अर्धवट कुरतडलेली वायर तुटलेलीच समजा. बॉनेटखालचं घरटं काढून जागा धुऊन घ्या, वास राहिला तर ते पुन्हा येतात.

प्रश्न : प्रीमियर पद्मिनीची 'पूर्ण वायरिंग बदला' असं सांगितलं आहे. खरंच गरज असते का? – ठाणे

तपासून ठरवा. इंजिनाजवळची, डॅशबोर्डखालची आणि डिकीतली एकेक वायर बोटांत धरून हळूच वळवा. आवरणाला तडे गेले किंवा ते करकरलं तर ती शाखा गेली. इंजिनाजवळची शाखा बहुतेक वेळा जाते, केबिनमधली अनेकदा चांगली निघते. तेवढीच शाखा बदलणं स्वस्त पडतं आणि बाकीचे मूळ रंग टिकतात. जुन्या गाडीत वायरीचा रंग हाच नकाशा असतो. सगळीकडे लाल वायर ओढणाऱ्या माणसाला काम देऊ नका.

मात्र आवरण सगळीकडे कडक झालं असेल किंवा मागच्या मालकाने फ्यूजच्या जागी तार गुंडाळली असेल, तर पूर्ण वायरिंग करून घ्या. त्या वेळी जादाचा फ्यूज बॉक्स बसवा. जुन्या गाड्यांत एकाच फ्यूजवर खूप काही टांगलेलं असतं. फ्यूज वायरीच्या जाडीवरून ठरवा, दिव्यावरून नाही : तो वायरीला जळण्यापासून वाचवायला असतो. आणि जुनी वायरिंग गॅरेजमध्ये न सोडता पोत्यात भरून घरी आणा. त्यातले बुलेट जोड आणि लग आता सहज मिळत नाहीत.