थिनरच्या कामामुळे पॉलिमायोसायटिस होतो का?

तुम्ही लिहिलंय की पेंट शॉपमध्ये ९ वर्षं थिनर हाताळलं, आता पॉलिमायोसायटिस (स्नायूंना सूज येऊन ते दुबळे होण्याचा आजार) निघालाय आणि डॉक्टर म्हणतात, कारण सांगता येत नाही. ते टाळाटाळ करत असतील असं मला वाटत नाही. मलाही हाच आजार आहे, आणि मलाही तेच उत्तर मिळालं होतं.

मी चाकणला एका कारखान्यात डीग्रीझिंगच्या (तेल-ग्रीस काढायच्या) टाकीवर होतो, ट्रायक्लोरोएथिलीन या सॉल्व्हंटच्या, म्हणजे थिनरसारख्या द्रावकाच्या, वाफेत सुटे भाग धुवायचो. आधी संडासात उकिडवं बसलं की उठवेना. मग बसची पायरी चढवेना, शेवटी शर्ट घालायला हात वर जाईना. एसजीओटी-एसजीपीटी ही लिव्हरच्या तपासणीतली एन्झाइम्स वाढलेली बघून तीन महिने मला लिव्हरच्या गोळ्या दिल्या. ही एन्झाइम्स स्नायूंतूनही रक्तात उतरतात, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सीपीके (स्नायूंतून रक्तात येणारं एन्झाइम) साधारण दोनशेच्या आत असावं, माझं ६,४०० निघालं. तेव्हा कुठे ईएमजी (स्नायूंची विद्युत तपासणी) आणि मांडीची बायॉप्सी (स्नायूचा तुकडा काढून तपासणी) झाली.

रसायनांचं म्हणाल तर सिलिकाची (दगड-वाळूतली) धूळ आणि स्क्लेरोडर्मा (कातडी कडक होण्याचा आजार) हा संबंध पक्का आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणकामगारांत तो १९५७ मध्येच नोंदवला गेला. सॉल्व्हंटवरही बोट ठेवलं जातं. मायोसायटिसबाबत, म्हणजे आपल्यासारख्या स्नायूंच्या आजारांबाबत, संशय आहे, पण आजारच इतका दुर्मिळ की अभ्यासाला माणसं पुरत नाहीत. आणि माझ्या टाकीवरचे बाकीचे चौघं ठणठणीत आहेत, याला काय म्हणायचं?

भरपाईची आशा फार धरू नका. कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) आहे, शिशाची विषबाधा आहे, मायोसायटिस नाही. यादीबाहेरच्या आजाराचा कामाशी संबंध कामगारानेच सिद्ध करायचा. मी वर्षभर त्यात डोकं फोडलं, तेवढ्यात फिजिओथेरपी झाली असती. तरीही थिनरच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो काढा, स्टोअरमधून एमएसडीएस (रसायनाची सुरक्षा-माहितीची पत्रिका) मागून घ्या आणि कुठल्या साली कुठल्या खात्यात होतात ते लिहून संधिवाततज्ज्ञांना द्या. काम बदलून मागायला तोच कागद उपयोगी पडतो. मला पॅकिंगला टाकलं ते त्यावरच.

एक विचारायचं राहिलं. बोटांच्या कडा फुटल्यात का, काळपट भेगा पडल्यात का? मायोसायटिसमधल्या या लक्षणाला डॉक्टर ‘मेकॅनिक्स हँड’ म्हणतात, आणि खऱ्या मेकॅनिकच्या हातावर ते कुणालाच ओळखू येत नाही. मीही थिनरनेच होतं समजून दोन वर्षं व्हॅसलीन चोळलं. त्याबरोबर कोरडा खोकला किंवा धाप असेल, तर फुप्फुसाचा एचआरसीटी (बारकाईचा सीटी स्कॅन) आणि जो-१ अँटीबॉडी ही रक्ततपासणी याच आठवड्यात करून घ्या, पुढच्या तारखेची वाट बघू नका.