डोस पाजूनही जुलाब होतात, मग रोटाव्हायरसच्या लसीचा उपयोग काय?

प्रश्न : मी नाशिक जिल्ह्यात आशा सेविका आहे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या बाळांना आम्ही पोलिओबरोबर रोटाव्हायरस या जुलाबाच्या विषाणूवरचाही डोस पाजून घेतो. तरीही ‘डोस देऊन जुलाब लागलेच की,’ असे आया ऐकवतात. आफ्रिकेतील गरीब देशांत ही लस निम्मीच लागू पडते, असेही वाचनात आले. मग तिने नेमके काय साधले?

उत्तर : ताई, आपण वाचलेले खरे आहे आणि ते आयांपासून लपवण्याचे काहीच कारण नाही. मात्र त्या ‘निम्म्या’चा अर्थ नीट लावला पाहिजे, आणि त्यासाठी आफ्रिकेतील मलावी या गरीब देशाचे उदाहरण फार बोलके आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोटाव्हायरसच्या तीव्र जुलाबांपासून या लसीने दक्षिण आफ्रिकेत सुमारे ७७ टक्के, तर मलावीत अवघे ४९ टक्के संरक्षण दिले. टक्केवारी पाहून थांबणारा माणूस म्हणेल की मलावीत लस फसली. पण लस दिलेल्या दर शंभर बाळांमागे वर्षाला तीव्र आजाराचे किती प्रसंग टळले हे मोजले, तेव्हा दक्षिण आफ्रिकेत ४.२ आणि मलावीत ६.७ असा आकडा आला. आजारच जिथे जास्त, तिथे अर्धी ढालसुद्धा अधिक लेकरांना वाचवते.

मलावीने ऑक्टोबर २०१२ मध्ये ही लस नियमित लसीकरणात आणली. पुढे तिथल्या संशोधकांनी दवाखान्यांतील नोंदींवर न थांबता मध्य मलावीच्या ग्रामीण भागातील जन्ममृत्यूंचा मागोवा घेतला, तेव्हा जुलाबाने होणारे तान्ह्या बाळांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे दिसले. मला हा पुरावा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण गरीब मुलखात बाळ पुष्कळदा दवाखान्याच्या पायरीपर्यंत पोहोचतच नाही. रोटाव्हायरस श्रीमंत देशांतील स्वच्छ घरांतही शिरतो. फरक पडतो तो सलाईन किती कोसांवर आहे यामुळे.

गरीब देशांत लस कमी का लागू पडते, याची कारणे एकाहून अधिक असावीत : आईकडून बाळाला मिळालेली प्रतिपिंडे (जंतूंशी लढणारे रक्तातील व दुधातील घटक), सोबत पाजलेला पोलिओचा डोस, कुपोषण आणि आतड्यातील वारंवारचा जंतुसंसर्ग.

आपल्याकडचा अनुभवही वेगळा नाही. १९८०च्या दशकात दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये नवजात बाळांमध्ये सापडलेल्या, पण त्यांना आजारी न पाडणाऱ्या विषाणूपासून ‘रोटावॅक’ ही लस तयार झाली, आणि दिल्ली, वेल्लोर व पुण्याजवळील वढू या तीन ठिकाणी ६,७९९ बालकांवर झालेल्या चाचणीत तिने तीव्र आजारापासून सुमारे ५४ टक्के संरक्षण दिले. २०१६ मध्ये चार राज्यांपासून सुरुवात करून २०१९ मध्ये रोटाव्हायरसची लस देशभर पोहोचली. पुण्यात तयार होणारी ‘रोटासिल’ ही रोटाव्हायरसची दुसरी लस उष्णतेतही टिकते, म्हणून तिची चाचणी पश्चिम आफ्रिकेतील नायजरसारख्या तापत्या, गरीब देशात झाली आणि तिथे सुमारे ६७ टक्के संरक्षण मिळाले.

आता आयांना काय सांगायचे? जुलाब अनेक जंतूंमुळे होतात आणि हा डोस त्यांपैकी एकाच विषाणूविरुद्ध आहे. त्या विषाणूचाही प्रत्येक जुलाब तो थांबवणार नाही. बाळाला अंगातील पाणी आटेपर्यंत नेणारा आजार टाळणे, हे त्याचे मुख्य काम. म्हणून डोस झालेल्या बाळालाही जुलाब लागले तर ओआरएस घोटघोट पाजत राहावे, अंगावरचे दूध तोडू नये आणि झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्याव्यात. बाळाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सुरकुती लगेच मिटत नसेल, डोळे खोल गेले असतील किंवा बाळ पाणीही पीत नसेल, तर घरी न थांबता त्याला तत्काळ दवाखान्यात न्यावे. वाटेतही ते पिऊ शकत असेल तर ओआरएस चालू ठेवावे.

आणि दीड महिन्याचा डोस चुकला म्हणून कोणाला परत पाठवू नका; पहिला डोस वर्षाच्या आत केव्हाही सुरू करता येतो.