गोल्फमध्ये समोरचा नियम मोडताना दिसला तर तिथेच टोकावं की नंतर सांगावं?

तिथेच. पुढच्या टीवर, म्हणजे पुढचा होल जिथून सुरू होतो तिथे, कुणी शॉट मारायच्या आत. तेव्हा तोंड उघडलं नाही तर मग तो विषय कायमचा सोडायचा, घरी बायकोजवळसुद्धा काढायचा नाही.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या ऑफिसातल्या वरिष्ठांनी रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, बुटानं बॉल सरकवलेला तुम्ही पाहिलात, आणि बोललात तर संबंध बिघडतील अशी भीती वाटते. माझे संबंध बिघडले ते समोरच्यानं वेळेवर टोकलं नाही म्हणून, तेव्हा या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय मला राहवणार नाही.

मी बडोद्याचा. तरुणपणी लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या मोतीबाग मैदानावर क्रिकेट खेळलो. गोल्फ चाळिशीनंतर, तेही राजवाड्याच्याच आवारात. प्रतापसिंह महाराजांनी १९३० च्या दशकात युरोपियन पाहुण्यांसाठी तो कोर्स करून घेतला होता. आमच्यासारख्या पगारदारांच्या हातात काठी आली ती त्याच गायकवाड घराण्यातल्या समरजितसिंहांनी १९९० च्या दशकात तो नव्यानं उभा करून लोकांना खुला केला तेव्हा. मला शिकवलं माझ्या साडूंनी, म्हणजे थोरल्या मेव्हणीच्या यजमानांनी. दुसऱ्याच्या लाइनीवर, म्हणजे त्याचा बॉल ज्या वाटेनं होलकडे जाणार त्या वाटेवर, पाय द्यायचा नाही, पट (होलजवळ बॉल हळूच ढकलायचा फटका) चालू असताना आपली सावली होलवर पडू द्यायची नाही, बंकरमधून निघताना वाळू सारखी करायची, ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, बॉल पडून खळगा झाला असेल तर कडेनं माती आत ओढून तो बुजवायचा. हे सगळं त्यांनी मला हाताला धरून शिकवलं आणि त्यांचे ते उपकार मी आजही मानतो. क्रिकेटमध्ये अंपायरचं बोट वर जाईपर्यंत आम्ही उभे राहायचो. साडू म्हणायचे, ‘इथं अंपायर नाही, इथं तुम्हीच तुमचे अंपायर.’

पुढचा सामना मात्र राजवाड्याच्या कोर्सवरचा नाही, दुसरीकडचा आहे. कुठला ते लिहीत नाही.

मॅच प्लेची, म्हणजे दोघांत होलागणिक हारजीत मोजायच्या खेळाची, उपांत्य फेरी, समोर साडूच. पंधरा होल झाले तेव्हा मी एकनं पुढे होतो. सोळाव्यावर माझा लांबचा पट होलच्या अलीकडे हातभर अंतरावर थांबला. डिसेंबरची सकाळ, गवतावर दव, आणि बॉल जिथून गेला तिथे दवात एक काळपट रेघ उमटली होती. साडू पलीकडच्या बाजूला आपल्या पटमागे उकिडवे बसलेले, त्यांचा कॅडी, काठ्यांची पिशवी वाहणारा, शेजारी. ते म्हणाले, ‘बराबर.’

आता बडोद्यात हा शब्द आपण दिवसभर वापरतो. रिक्षावाल्याला, दुकानदाराला, फोनवर. गुजराती आहे की मराठी हा विचारही मनात येत नाही. मी समजलो, पट दिला, म्हणजे तो गेलाच असं धरलं, मारायची गरज नाही. त्यांच्याकडे बघून हात वर केला, वाकलो, बॉल उचलला, खिशात टाकला. त्यांनी बघितलं. नजरेला नजर झाली, हे मी शपथेवर सांगेन. मग त्यांनी आपला चार-पाच फुटांचा पट घातला, होल बरोबरीत सुटला. सतरावा बरोबरीत, अठरावाही बरोबरीत. सामना मी एकनं जिंकला. टोप्या काढून हात मिळवले, चहा झाला.

चार दिवसांनी सासरी, बाबाजीपुऱ्यातल्या घरी, सत्यनारायण होता. शिऱ्याचे द्रोण हातात फिरत होते. कुणीतरी माझं अभिनंदन केलं आणि साडू सगळ्यांदेखत म्हणाले, ‘सोळाव्यावर यांनी बॉल परस्पर उचलला. मी दिलाच नव्हता. मी कॅडीला लाइन बराबर आहे म्हणत होतो. म्हटलं जाऊ दे, घरचाच माणूस आहे.’

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या घरात मी पंचवीस वर्षं जावई आहे. त्या नजरेला मला तिथं काही उत्तर देता आलं नाही, कारण सत्यनारायणाला आलेल्या बायकामाणसांना कन्सीड केलेला पट म्हणजे काय हे कुठून सांगायला लागायचं?

नियम काय म्हणतो ते इथे सांगतो, कारण त्या दिवशी सांगता आलं नाही. मॅच प्लेमध्ये पट द्यायचा तर तो स्पष्ट कळेल असा द्यावा लागतो, आणि एकदा दिलेला परत घेता येत नाही, नाकारताही येत नाही. पण समोरच्याच्या बोलण्यातून आपला खरोखर गैरसमज झाला आणि आपण बॉल उचलला, तर दंड नाही. बॉल होता तिथे परत ठेवायचा आणि पट मारायचा. नियम ३.२ मध्ये हे लिहिलेलं आहे. म्हणजे साडूंनी त्या क्षणी ‘अहो, मी कॅडीशी बोलत होतो’ एवढं म्हटलं असतं तर मी खिशातून बॉल काढून दवातल्या त्या रेघेच्या टोकाला ठेवला असता. हातभराचा पट. घातला असता किंवा चुकलो असतो. दोन्ही मला मान्य होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. गप्प बसून नंतर सांगणारा माणूस समोरच्याची चूक दुरुस्त करायची संधी काढून घेतो. तो पट मला आता कधीच मारता येणार नाही, आणि मारला असता तर गेला असता का, याचा निकाल सासरी परस्पर लागला. ते ‘जाऊ दे’ म्हणजे मोठेपणा होता असं आजही आमच्याकडे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. मॅच प्लेमध्ये समोरच्याची चूक सोडून द्यायचा हक्क तुम्हाला आहे, नियमच तो देतो. पण सोडून दिली म्हणजे सोडून दिली. चार दिवस मुठीत धरून ठेवली आणि मग उघडली, तर ती सोडून दिली नव्हती.

नंतर फोनवर साडूंनी मला २०१५ च्या सोल्हाइम कपचं, म्हणजे अमेरिका आणि युरोपच्या महिला संघांमधल्या स्पर्धेचं, उदाहरण दिलं. तिथे अमेरिकेच्या ॲलिसन लीनं सतराव्या ग्रीनवर दीडेक फुटाचा पट दिला गेला असं समजून बॉल उचलला, आणि समोरच्या, युरोपच्या सुझान पेटरसननं ‘आम्ही दिला नव्हता’ म्हणून होल घेतला. साडूंचा मुद्दा असा की नियमानं पेटरसनच बरोबर होती. होतीच. तिथे पट देणारा शब्द कुणी उच्चारलाच नव्हता, त्यामुळे लीला गैरसमजाची सवलतही मिळाली नाही. जगभरातून पेटरसनवर टीका झाली, दुसऱ्या दिवशी तिनं जाहीर माफी मागितली, आणि १०-६ नं मागे पडलेल्या अमेरिकेनं सिंगल्स, म्हणजे एकास एक सामने, खेचून साडेचौदा-साडेतेरा असा कप जिंकला. पण मी साडूंना तेव्हाही म्हटलं आणि इथेही लिहितो: पेटरसन त्याच ग्रीनवर, लीच्या तोंडावर बोलली. मला ती साडूंपेक्षा शंभर पटीनं बरी वाटते.

आणि वेळेची मर्यादा मी मनानं काढलेली नाही. मॅच प्लेमध्ये तक्रार तुम्हाला तेव्हाच कळलेली असेल, तर दोघांपैकी कुणीही पुढचा होल सुरू करायच्या आत ती मांडावी लागते. शेवटच्या होलवर असाल तर सामन्याचा निकाल पक्का व्हायच्या आत. चार दिवसांनी, शिरा खाताना, ती मांडायची सोय नियमात नाही.

तुमच्या प्रकरणात फरक आहे, तो आधीच सांगायला हवा होता. तुमची स्पर्धा स्ट्रोक प्लेची, म्हणजे प्रत्येकाचे एकूण फटके मोजायची, असेल तर सोडून द्यायचा हक्कच तुम्हाला नाही, कारण तिथे तुमच्या वरिष्ठांसमोर फक्त तुम्ही नसता, सगळे स्पर्धक असतात. तुम्ही त्यांचे मार्कर, म्हणजे त्यांचे फटके कार्डावर लिहिणारे, असाल आणि आकडा खोटा आहे हे माहीत असेल तर कार्डावर सही करू नका, कमिटीला सांगा. आणि दोघांनी संगनमत करून माहीत असलेला नियम बाजूला ठेवला तर दोघंही बाद होऊ शकतात. नुसती रविवारची मैत्रीची फेरी असेल तर बाजूला घेऊन हळू बोला, चारचौघांत नको. नियम सांगणं म्हणजे सल्ला देणं होत नाही, त्याला दंड नाही. कुठली काठी घेऊ हे प्रतिस्पर्ध्याला विचारलंत तर आहे. आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नसेल, कॅडीकडून ऐकलं असेल, तर आधी विचारा, ‘साहेब, बॉल हलला का?’ पुष्कळदा माणूस स्वतःच सांगतो.

मी आता दिलेला पट ‘उचला’ या एकाच शब्दानं देतो, आणि पहिल्या टीवर समोरच्याला तसं सांगून ठेवतो. साडूंना अजून सांगायची वेळ आलेली नाही. त्या डिसेंबरनंतर आम्ही एकत्र खेळलेलो नाही.