गंगावेशीतलं दूध, मेव्हण्याचा मुद्दा आणि म्युटेशन

प्रश्न: मॅडम नमस्कार, जरा लांबतंय पण वाचा. आम्ही शनिवारी रात्री कोल्हापुरात गंगावेशीतल्या कट्ट्यावर दूध प्यायला जातो, यावेळी पुण्याहून मेव्हणा आलेला, आयटीत आहे. म्हशींवरनं विषय सुरू झाला तो कुठनं कुठं जाऊन उत्क्रांतीवर आला. तो म्हणाला म्युटेशन म्हंजे डीएनएतली टायपिंग मिस्टेक, मिस्टेका साठत गेल्या की कोड बिघडतो, त्यातनं आपोआप नवीन अ‍ॅप बनत नाही. मी म्हटलं अरे नैसर्गिक निवड आहे की! तर म्हणतो निवड नुसतं काढून टाकते, नवीन काय आणते सांग. मला काय सुचेना, सगळे हसले आणि वर दुधाचे पैसे मलाच द्यायला लागले. खरं काय हाय?
— एक वाचक, शुक्रवार पेठ

उत्तर: अहो, उत्तर तुमच्या हातातल्या ग्लासात होतं की! एवढ्या दुधात साधारण १० ग्रॅम लॅक्टोज म्हंजे दुधातली साखर असते आणि ती फोडायला लॅक्टेज नावाचं एन्झाइम लागतं. सस्तन प्राण्यांत हे लहानपणी भरपूर बनतं, आईचं दूध सुटलं की कमी होत जातं. म्हशीचं रेडकू मोठं झालं की त्याचंही तेच. जगातल्या साधारण दोन तृतीयांश मोठ्या माणसांतही तसंच होतं, मग न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले बॅक्टेरिया तिच्यावर ताव मारतात आणि पोटात गुडगुड सुरू. पण तुमच्या कट्ट्यावर रात्री दहाला मोठा ग्लास रिचवून शांत झोपणारे आहेत ना, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांत डीएनएचं (ए, सी, जी, टी या चारांतलं) एकच अक्षर बदललेलं असणार. लॅक्टेजच्या जीनच्या जवळपास १४ हजार अक्षरं अलीकडं एका ठिकाणी सी होतं तिथं टी झालं, आणि लहानपणी बंद व्हायचं बटण चालूच राहिलं. एन्झाइम तेच, जीन तोच. युरोपात आणि आपल्या देशात हाच बदल सापडतो, पण केनिया-टांझानियातल्या गुरं पाळणाऱ्या लोकांत दुसराच बदल आहे, थोड्या पलीकडच्या जागेवर, वेगळं अक्षर. म्हणजे एकच काम वेगवेगळ्या चुकांनी वेगवेगळ्या ठिकाणी झालं, आणि जिथं गुरं पाळली तिथंच ते पसरलं. मेव्हण्याला विचारा, ही चूक बिघाड म्हणायची का सोय? रेडकाच्या हिशेबानं बघितलं तर बिघाडच की, वेळेवर बंद व्हायचं ते बंद झालं नाही!

आता टायपिंग मिस्टेकचं. कोडमध्ये एक स्वल्पविराम चुकला की प्रोग्रॅम बसतो हे खरं, डीएनए तसा नाजूक नाही. प्रत्येक मूल आईबापात नसलेले साधारण ६० ते ७० नवे बदल घेऊन जन्मतं, तुम्ही, मी, मेव्हणा सगळे. बहुतेक बदलांनी काहीच होत नाही, काहींनी वाईट होतं, अगदी थोडे कामाला येतात. आणि हिशोब करा, जगात वर्षाला साधारण १३ कोटी बाळं जन्मतात, गुणिले ६५ धरलं तर साडेआठशे कोटींच्या आसपास नवे बदल, आणि डीएनएची अक्षरं ३०० कोटी. म्हणजे सरासरीनं प्रत्येक अक्षर वर्षातनं दोनदा तरी कुणात ना कुणात बदलतंय. तेव्हा "एवढी नेमकी चूक होणार कधी" हा प्रश्नच उरत नाही. प्रश्न उरतो तो झाल्यावर तिचं काय होतं हा.

निवड नुसतं काढून टाकते, हा मुद्दा मात्र मेव्हण्याचा अर्धा बरोबर आहे आणि तो द्यायचा. निवड एक अक्षरही लिहीत नाही. पण समजा एखाद्या गोष्टीला लागोपाठ तीन बदल लागतात. तिन्ही एकाच जिवात एकदम व्हायची वाट बघत बसलात तर जन्म गेले. पहिल्या बदलानं थोडा जरी फायदा झाला तरी तो असणाऱ्यांची पोरंबाळं वाढतात, एकाचे लाख होतात, मग दुसरा बदल त्या लाखातल्या कुणात तरी होणारच. काढून टाकण्यानं उरलेल्यांना जागा मिळते, आणि उरलेले बीज धरून वाढतात. एवढं लक्षात आलं की वाद निम्मा संपतो, पण उत्क्रांतीविरुद्ध व्हिडिओ करणारे ही पायरी गाळतात.

बाकी आपण ऊसवाली माणसं, आपल्याला हे पटायला पाहिजे. ऊस आपण कांडीनं लावतो, बी पेरत नाही, त्यामुळं गावाच्या गावं ८६०३२ जातीचा ऊस उभा असला तरी प्रत्येक ऊस दुसऱ्याची कॉपी. उत्तर प्रदेशात को ०२३८ ही एकच जात बहुतेक रानात होती, उतारा चांगला, साखर चांगली, सगळे खुश. मग लाल कुजेच्या बुरशीचा असा प्रकार आला की त्याला ती जात अडवूच शकेना. रोगट ऊस उभा चिरून बघितला तर आत लाल, मधनं आडवे पांढरे पट्टे, आणि आंबलेल्या दारूसारखा वास. बुरशीचे बीजाणू लाखांनी तयार होतात, त्यात चुका होतात, एखादी चूक उसाचं कुलूप उघडणारी निघते आणि पुढं सगळं रान तिचंच. इकडं ऊस कॉपीच असल्यामुळं त्याच्यात निवडायला फारसं काही नाहीच. एक बाजू बदलतेय, दुसरी बदलू शकत नाही, निकाल काय लागणार.

तरी मेव्हणा "नवीन क्षमता दाखव" म्हणालाच तर त्याला अमेरिकेतल्या रिचर्ड लेन्स्कींचा प्रयोग सांगा. १९८८ ला १२ बाटल्यांत ई. कोलाय बॅक्टेरिया वाढवायला सुरुवात केली, रोज थोडे काढून नव्या बाटलीत. त्या पाण्यात सायट्रेट (लिंबाच्या आंबटपणातला पदार्थ) होतं, पण हवेतला ऑक्सिजन असताना हा बॅक्टेरिया ते खाऊ शकत नाही. साधारण ३१,५०० पिढ्यांनंतर एका बाटलीतले खायला लागले, पाणी एकदम गढूळ! बाकीच्या ११ बाटल्या तशाच. २००८ ला हे छापून आलं. झालं काय होतं, तर सायट्रेट आत ओढणाऱ्या जीनची एक जास्तीची कॉपी चुकून दुसऱ्याच बटणाशेजारी जाऊन बसली, ते बटण ऑक्सिजन असताना चालू राहणारं. आणि गंमत अशी की ५०० पिढ्यांगणिक नमुने गोठवून ठेवलेले, ते परत वाढवून बघितले तर साधारण २०,००० व्या पिढीनंतरच्या नमुन्यांतच हे पुन्हा व्हायची शक्यता वाढलेली दिसली. म्हणजे आधी पाया पडलेला होता. यावर काहीजण म्हणतात जीन जुनाच होता, नवीन कुठं काय. मग नवीन म्हणजे हवेतनं पडलेलं पाहिजे का? कपाटातलं जुनं सामान नव्या जागी लावणं, निसर्गात "नवीन" बहुतेक असंच येतं.

प्रश्न: ताई, मुलगी दहावीला आहे, "आनुवंशिकता व उत्क्रांती" हा धडा चाललाय. ती म्हणते लॅमार्कचं पटतं, मान ताणली म्हणून जिराफाची लांब झाली. मलापण तसंच वाटतं, पोटाला सवय लावली की पचतंच की! मग ते चुकीचं कसं?
— एक आई, राजारामपुरी

उत्तर: पटतं कारण आपण आयुष्यभर सवयीनंच शिकतो. पण जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या नवरा-बायकोनं १९५२ ला एक प्रयोग केला, मुलीला तो सांगा, फार देखणा आहे. बशीत बॅक्टेरियांचे ठिपके वाढवले, त्यावर मखमलीचं कापड हलकं दाबलं आणि रबरी शिक्का मारावा तसं तेच कापड दुसऱ्या, तिसऱ्या बशीत टेकवलं, या बशांत औषध घातलेलं. बहुतेक ठिपके मेले, पण जे वाचले ते सगळ्या बशांत त्याच जागेवर! आता मूळ बशीतल्या त्या जागेवरच्यांनी तर औषध बघितलंच नव्हतं, तरी ते त्याला पुरून उरले. म्हणजे बदल आधीच झालेला होता, औषधानं नुसती निवड केली. सवय लागून बदल झाला असता तर वाचलेले ठिपके प्रत्येक बशीत वेगळ्या जागी दिसले असते. पेपरात मात्र लॅमार्कवाद विचारला तर लॅमार्कवादच लिहायचा, मार्क त्याचेच आहेत.

प्रश्न: डार्विनवर शास्त्रज्ञांतच भांडण आहे म्हणे. खरं का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: आहे की, जोरदार आहे. पण कशावर ते बघा. मोतो किमुरा या जपानी शास्त्रज्ञानं १९६८ ला म्हटलं की डीएनएतले टिकलेले बहुतेक बदल निवडीमुळं टिकलेलेच नाहीत, नशिबानं टिकलेत. पंचगंगेला पूर आला की एखाद्या उंचवट्यावर चार मुंग्या उरतात, त्या हुशार होत्या म्हणून नव्हे, पाणी चढलं तेव्हा तिथं होत्या म्हणून. पुढं त्या उंचवट्यावर त्यांचीच वारूळं. लिन मार्ग्युलिसनं १९६७ ला मांडलं की आपल्या पेशीतले ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया हे एकेकाळचे स्वतंत्र बॅक्टेरिया, दुसऱ्या पेशीत शिरले ते तिथलेच झाले. आधी कुणी ऐकून घेईना, आता पाठ्यपुस्तकात आहे. गहू घ्या, तीन वेगवेगळ्या गवतांचे क्रोमोसोमचे (डीएनएच्या गुंडाळ्यांचे) पूर्ण संच एकत्र येऊन ४२ झालेत. तेव्हा म्युटेशन आणि निवड एवढंच पुरतं का विचाराल तर माझं उत्तर नाही असंच आहे. पण हे बाकीचे सगळेही प्रकार निसर्गातलेच, मोजता येणारे, आणि डोळा किंवा पंख असली घडण कशी जमली विचारलं की परत निवडीकडंच यावं लागतं. भांडण कुणाचा वाटा किती यावर आहे. उत्क्रांती झाली का नाही यावर नाही.

प्रश्न: मला दूध अजिबात पचत नाही. मी कमी उत्क्रांत आहे का? मित्र चिडवतात.
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर: छे हो, तुमचं बटण मूळच्या सेटिंगवर आहे, एवढंच. दही खा, त्यातली काही साखर विरजणातल्या बॅक्टेरियांनी आधीच संपवलेली असते. आणि कट्ट्यावर गेलात तर दूध पिणाऱ्यांच्या शेजारी बसून नुसत्या गप्पा मारा, त्याला एन्झाइम लागत नाही.